अंकलची सात डुकरं

आमच्या रायफल क्लबात छर्रे अडवायला भिंतीपाशी एक लोखंडी पेटी आहे. महिनाभर मारलेले छर्रे तिच्यात साठतात आणि पहिल्या रविवारी झाडू मारला की सुपलीभर शिसं निघतं. किस्स्यांचंही तसंच. रोज एखाददुसरा पडतो, कोणी लक्ष देत नाही, आणि एक दिवस चहाला बसलं की सुपली भरते! फरक इतकाच की शिसं भंगारवाला नेतो, किस्से कोणी नेत नाही.

त्यातले निम्मे माझ्याच फजितीचे आहेत. ते मी हौसेनं सांगतो. पण एक असा आहे जो मी आजवर कोणालाच सांगितलेला नाही, कारण त्याची मला अजून लाज वाटते. आज तो वाटेत येणार आहे. आला की टाळणार नाही, पण तोवर आधीचे ऐका.

*

आमचा क्लब लालबागला एका चाळीच्या पहिल्या मजल्यावर, मंडळाच्या हॉलमध्ये भरतो. एअर रायफलला टार्गेट दहा मीटरवर लागतं. हॉल आहे साडेआठ मीटरचा! मग उरलेलं दीड मीटर आम्ही गॅलरीतून घेतलं. म्हणजे टार्गेट हॉलच्या आतल्या भिंतीला आणि नेमबाज दाराबाहेर, गॅलरीत, चपलांच्या शेजारी. रायफल तेवढी दारातून आत. मागून चाळीची वर्दळ चालूच. तुम्ही श्वास रोखून नेम धरलाय आणि पाठीमागून आवाज येतो, "ओ, जरा पोट आत घ्या, बादली जाऊ दे!"

एप्रिल-मेमध्ये आणखी मजा. खाली मसाल्याचे डंख, म्हणजे मिरची कुटायची यंत्रं, दिवसभर धडधडत असतात. मिरचीचा खकाणा वर येतो आणि अख्खा क्लब शिंकतो. आमचे कोच पेडणेकर सर पोलिसातून रिटायर झालेले, शिस्तीचे. त्यांनी दारावर पाटीच लावली आहे, 'शिंक आल्यास आधी ट्रिगरवरचे बोट काढावे, मग शिंकावे.'

एकदा एक मोठे नेमबाज पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी हे सगळं पाहिलं आणि दिल्याला विचारलं, "अहो, इथे तुमचं कॉन्सन्ट्रेशन राहतं कसं?" दिल्या म्हणजे दिलीप, माझा शाळेपासूनचा मित्र, बस डेपोत क्लार्क.

"राहत नाही," दिल्या म्हणाला. "म्हणून तर रोज यावं लागतं!"

*

सरांनी एक दिवस बातमी आणली. कोकणात एका गावी 'शिकारी घराण्यांसाठी लांब पल्ल्याची मैदानी नेमबाजी स्पर्धा'. शिकारीवर बंदी येऊन जमाना झाला, पण जुन्या शिकारी मंडळींची हौस काही जात नाही. म्हणून तिथले खोतसाहेब गावामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, पत्र्याची डुकरं साखळीनं टांगतात. दहा डुकरं, दहा गोळ्या, पॉइंट टू-टू रायफल. एखादं डुक्कर साठ मीटरवर, एखादं दोनशेवर. कुठलं किती लांब ते कोणी सांगत नाही, तुम्ही ओळखायचं. क्लबच्या परवान्यावरच्या दोन रायफली होत्याच. आम्ही चौघांनी नावं द्यायचं ठरवलं. मी, दिल्या, सर आणि अँथनी अंकल.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'घराण्यातील शिकारीची परंपरा'. दिल्यानं लिहिलं, 'वडील डास बरे मारत.' सरांनी तो फॉर्म फाडला. मी मात्र मनापासून चार ओळी लिहिल्या. माझ्या आजोबांनी मालवणच्या रानात एका गोळीत बिबळ्या लोळवला होता, असं काहीतरी.

आईनं ते वाचलं. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "मेल्या, तुझो आजो गिरणीत साच्यावर होतो. उंदीर पिंजऱ्यात गावलो तरी मैदानात नेऊन सोडून देय!"

मी ओळ खोडली नाही. विमा कंपनीत पंचवीस वर्षं लोकांचे खोटे क्लेम पकडणारा माणूस मी. फॉर्म तसाच पाठवला.

आणि स्पर्धेच्या सकाळी खोतसाहेबांनी तो माइकवर वाचून दाखवला! पांढऱ्या मिशांचे चार म्हातारे शिकारी उठून माझ्याशी हात मिळवायला आले. एकानं विचारलं, "मालवणात रान कुठलं हो?"

"तेव्हा होतं," मी म्हणालो.

त्यानंतर मी पहिल्या पाच गोळ्या सरळ कातळात घातल्या. दिवसअखेर माझी डुकरं तीन. चौघांपैकी एकही म्हातारा पुन्हा माझ्याकडे आला नाही.

*

पण मी पुढे पळालो. अँथनी अंकलची ओळख राहिली.

अंकल गिरगावातल्या एका ख्रिश्चन वाडीतले, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. कॉटन ग्रीनच्या गोदामांपासून गोदीपर्यंत सगळीकडे फिटर म्हणून काम केलेलं. वय एकाहत्तर. बायको गेल्यापासून शनिवारची प्रॅक्टिस त्यांनी एकदाही चुकवलेली नाही. पण दोनेक वर्षांत त्यांची टार्गेटं भरकटायला लागली होती. "छपाई खराब आहे, मॅन, हल्ली गोल नीट छापत नाहीत," असं ते म्हणायचे. डॉक्टरनं सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अंकलनी डॉक्टरच बदलला. त्यांच्या मोठ्या भावाचा एक डोळा फार पूर्वी ऑपरेशनमध्ये गेला होता, त्यामुळे ऑपरेशन म्हटलं की हा दणकट माणूस लहान पोरासारखा विषय बदलायचा.

त्यांची मुलगी शर्ली दादरला शाळेत शिकवते. तिनं फारच लावून धरलं तेव्हा अंकलनी अट घातली. "सड्यावर दहातली पाच डुकरं मारली तर ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. पाचाच्या खाली आलो तर दुसऱ्या दिवशी तू म्हणशील त्या हॉस्पिटलात येतो. प्रॉमिस!"

आता या स्पर्धेचा रिवाज असा की नेमबाजाचं कार्ड त्याचा जोडीदार लिहितो. दुर्बिणीतून बघायचं, लागलं की चुकलं ते मोठ्यानं सांगायचं, कार्डावर खूण करायची, शेवटी नेमबाजानं सही करायची. बस्स. वर पंच नाही. जुन्या शिकारीतली पद्धत, जोडीदाराचा शब्द शेवटचा, त्यावर वाद घालायचा नाही. अंकलचा जोडीदार मी होतो.

निघायच्या आदल्या शनिवारी शर्ली मला गॅलरीत बाजूला घेऊन म्हणाली, "श्रीकांत, कार्ड तूच लिहिणार ना? मग मला टेन्शन नाही. पप्पांना खरं सांगणारा एक तरी माणूस पाहिजे."

"बिनधास्त राहा," मी म्हणालो.

*

सड्यावर पोचल्यावर आमची खरी परीक्षा अंतराची झाली. मुंबईच्या माणसाला अंतर कळायला मध्ये काहीतरी लागतं. नाका, पूल, पानाची गादी, सिग्नल. तिथे मध्ये काही म्हणजे काहीच नव्हतं! नुसता कातळ आणि पलीकडे पत्र्याचं डुक्कर.

सर दिल्याचे जोडीदार. त्यांनी विचारलं, "दिलीप, समोरचं डुक्कर किती लांब?"

दिल्यानं डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. "सर, टॅक्सीवाला नाही म्हणेल इतकं."

पुढे आणखी शोभा झाली. आमच्या हॉलमध्ये प्रत्येक गोळीआधी पंखा बंद करायची पद्धत आहे, छर्रा हलका असतो म्हणून. सड्यावर दिल्यानं नेम धरला आणि भर्रकन वारा सुटला. तर रायफलवरचा गाल न हलवता हा ओरडला, "पंखा बंद करा रे!"

सगळा सडा हसला. आमच्या बाजूच्या जागेवर त्या गावचाच एक शेतकरी होता, बाबल. साठीचा, अर्ध्या चड्डीतला, शेतीच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना असलेला, अगदी मऊ बोलणारा. तो दिल्याकडे बघून म्हणाला, "करतंय बंद. बटण खय आसा ता सांगा."

*

दुपारी तर खरंच डुक्कर आलं! जिवंत.

करवंदीच्या जाळीतून रमतगमत बाहेर पडलं आणि पत्र्याच्या डुकराजवळ जाऊन त्याला हुंगायला लागलं. सड्यावर तेव्हा तीसेक माणसं भरलेल्या रायफली घेऊन आडवी पडलेली. त्यातले निम्मे जन्मभर अशाच एका क्षणाची वाट बघत बसलेले.

खोतसाहेब माइकवर ओरडले, "बोटं बाहेर! सगळ्यांनी बोटं बाहेर काढा! ते स्पर्धेत नाही!"

तीस बोटं एकदम वर आली. डुकरानं सगळ्यांकडे एकवार पाहिलं, पत्र्याच्या भावंडाला धक्का दिला आणि निघून गेलं. मिशीवाला एक म्हातारा रडत होता. कशासाठी ते आम्ही विचारलं नाही. बिबळ्या लोळवणाऱ्या घराण्यातला मी मात्र तोवर आमच्या गाडीत बसून काच वर केली होती. अंकल रिकामी रायफल घेऊन शांतपणे बाहेरून टकटक करत होते, "श्री, उघड मॅन. आपला नंबर आला."

*

तर आता तो किस्सा.

अंकल गोणपाटावर पालथे पडले. मी शेजारी, दुर्बीण लावून. दोघांच्या कानांवर ती मोठी कानझाकणी, त्यामुळे जवळचं मोठ्यानं बोललेलं तेवढं ऐकू यायचं, लांबचा पत्रा वाजला तरी आम्हाला पत्ता लागत नव्हता. पहिलं लागलं. दुसरं लागलं. तिसरं, चौथं चुकलं, कातळावर धूळ उडालेली मला स्वच्छ दिसली. पाचवं लागलं. सहावं चुकलं. इथपर्यंत मी सगळं खरं सांगितलं. सहात तीन. देवाशपथ.

सातवी गोळी डुकराच्या हातभर वरून गेली. अंकलनी मान वर केली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि मला विचारलं, "श्री, लागलं?"

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. भीक मागितल्यासारखा.

"लागलं!" मी म्हणालो.

तोंडातून गेलं. आणि कार्डावर बरोबरची खूणही केली. आठवी गोळी अंकलनी खरोखर मारली. म्हणजे कार्डावर पाच झाली. पाच पुरे होती! तिथे थांबायला माझं काय जात होतं? पण अंकलचा चेहरा असा उजळला होता, आणि मागून कोणीतरी "म्हाताऱ्यात दम आहे" म्हणालं, आणि मला वाटलं, मी पण यातलाच आहे की. नववी चुकली. "लागलं!" दहावी तर शेजारच्या करवंदीत गेली. "लागलं, अंकल, लागलं!"

खरी चार. कार्डावर सात. अंकलनी सही केली.

मी नंतर स्वतःला पुष्कळ समजावलं की म्हाताऱ्याचं मन राखलं. अर्धं खरं आहे ते. उरलेलं अर्धं हे की सकाळपासून माझी जी अब्रू गेली होती, ती मला अंकलच्या कार्डावर थोडी परत मिळवायची होती. हे लिहितानाही कान गरम होतात.

*

संध्याकाळी निकाल लागला. तिसरा नंबर, अँथनी अंकल, सात डुकरं. चौथा बाबल, सहा.

मला हे सुचलंच नव्हतं! मी अंकलला ऑपरेशनपासून सोडवत होतो, बाबलच्या गळ्यातलं मेडल काढत नव्हतो. पण ते निघालं होतं. त्याच्या घरची सगळी बघायला आली होती, नातवंडं खांद्यावर चढून बसलेली.

बाबल स्वतः आमच्याकडे आला. अंकलच्या पाया पडला. "ह्या वयात सात! तुमच्या डोळ्यांक कोणाची नजर लागाक नये." मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, "आणि तुमका जोडीदार पण बरो गावलो."

मी बुटांची लेस बांधायला खाली वाकलो. बुटांना लेस नव्हती.

*

गिरगावात वाडीतल्या क्रॉससमोर अंकलचा सत्कार झाला. क्रॉसला झेंडूची माळ, अंकलच्या गळ्यात मेडल, वाडीतल्या पोरांचा बँजो. मला पण शाल! 'खंबीर साथ देणारे जोडीदार' म्हणून. मी नको नको म्हणालो तसं लोक म्हणाले, काय पण साधा माणूस आहे.

शर्लीनं मला गाठलं. "श्रीकांत, खरं सांग. म्हणजे पप्पांचे डोळे खरंच ठीक आहेत?"

आता तरी बोलायचं ना? समोर विचारत होती. मी म्हणालो, "कार्डावर सात आहेत."

असं उत्तर द्यायला विमा कंपनीतच शिकवतात. तिनं तिथल्या तिथे फोन काढला आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट कॅन्सल केली.

*

मधे एक हलका किस्सा सांगतो, मलाही बरं वाटेल.

नायगावची आमची चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही सतराव्या मजल्यावर गेलो. सड्यावरची फजिती मनाला लागली होती म्हणून मी रोज सकाळी दुर्बीण घेऊन खिडकीत उभा राहायला लागलो. समोरची पाण्याची टाकी किती मीटर, तो पिंपळ किती मीटर, असा अंदाज बांधायचा आणि मग खाली जाऊन पावलांनी मोजून यायचं.

तिसऱ्या आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी दारात. बरोबर आणखी दोघं. समोरच्या विंगमधून तक्रार होती की सतराव्या मजल्यावरचे गृहस्थ रोज दुर्बिणीतून घरात बघतात.

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. बायको शांतपणे पुढे आली. "हो, बघतात. पण घाबरू नका म्हणावं त्यांना. ह्यांना माणसं दिसत नाहीत, मीटर दिसतात!"

*

सत्कारानंतर तिसऱ्या महिन्यात अंकल पडले. स्वतःच्या घरात, ज्या लाकडी जिन्यावर लहानपणापासून चढउतार केली त्या जिन्यावर. मनगट मोडलं, कपाळाला चार टाके. डॉक्टरनं विचारलं, "पायरी दिसली नाही का?"

"दिसली ना," अंकल म्हणाले. "पण दिसली तिथे नव्हती."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. ती पायरी मी काढली होती.

दुसऱ्या दिवशी मी वाडीत गेलो तो सगळं सांगायचं ठरवूनच. शर्लीनं गरम फुगे, म्हणजे मैद्याचे टम्म गोळे, तळले होते. अंकल प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसले होते, भिंतीवर खिळ्याला मेडल.

"अंकल, त्या दिवशी सड्यावर ती सात..."

"सात!" अंकल शेजारच्या पाहुण्याला म्हणाले. "दोनशे मीटरवरनं, मॅन! विचार ह्याला. हा माझा जोडीदार."

पाहुणा माझ्याकडे वळला. शर्ली ताट घेऊन उभी. मी एक फुगा तोंडात टाकला, म्हणजे बोलता येऊ नये. मग दुसरा. सहा फुगे खाल्ले मी त्या दिवशी! जाताना शर्ली म्हणाली, "पप्पांना ऑपरेशनचं तूच जरा सांग ना, तुझं ऐकतात."

मी परत आत जाऊन सांगितलं. अंकल म्हणाले, "सात मारणाऱ्याला कसलं ऑपरेशन?" आणि माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे माझ्या दिशेनं. त्यांना तेव्हा कितपत दिसत होतं, देव जाणे. मी जिना उतरलो आणि घरी जाईपर्यंत स्वतःला शिव्या घालत होतो.

*

आणि एक दिवस अंकल आपणहून गेले! प्लास्टर निघाल्यावर, कोणाला न सांगता, एकटे. हॉस्पिटलातून शर्लीला फोन. एक डोळा झाला, महिन्यानं दुसरा झाला. कसं काय ठरवलं असं विचारलं की म्हणायचे, "असंच, मॅन."

काळा चष्मा निघाल्यावर पहिल्या शनिवारी लालबागला आले. दारात उभे राहून सगळा हॉल नजरेनं पिऊन टाकला.

"सर, ही भिंत हिरवी आहे? मला वीस वर्षं राखाडी वाटायची."

"वीस वर्षं राखाडीच होती," सर म्हणाले. "दिवाळीत रंग काढला."

मग दिल्याकडे वळले. "दिलीप, तुझं टक्कल कधी पडलं? मी समजायचो तू केस बारीक कापतोस!"

मग माझ्याकडे. माझ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मी टार्गेटचा कागद सरळ करत राहिलो.

"तू आहे तसाच आहेस," अंकल म्हणाले, आणि छर्ऱ्यांचा डबा उघडला.

*

यंदा आम्ही पुन्हा सड्यावर गेलो. जोड्या त्याच. आधी माझा नंबर, अंकलच्या हातात दुर्बीण आणि माझं कार्ड. बाबल आमच्या मागेच आपल्या पाळीची वाट बघत उभा.

दुर्बिणीतून वर्षभर मोजलेले मीटर कामाला आले. पहिल्या पाच गोळ्यांत चार डुकरं लागली. स्कोपमधून पत्रा हललेला मला दिसत होता, आणि अंकल प्रत्येक वेळी मोठ्यानं सांगत होते, "लागलं."

सहावी गोळी गेली. डुक्कर साखळीवर गर्रकन फिरलं.

"चुकलं," अंकल म्हणाले.

मी मान वर केली. "अंकल?"

"चुकलं, मॅन. पुढचं घे."

सातवं लागलं. "लागलं." आठवं झोके घ्यायला लागलं, मी डोळ्यांनी बघत होतो. "चुकलं." नवव्याला मी खरंच चुकलो. दहावं सगळ्यात लांबचं, दोनशेवरचं. गोळी मधोमध बसली. मागे बाबलनं टाळी वाजवली, एकच.

"चुकलं," अंकल म्हणाले.

बाबलचा हात तसाच हवेत राहिला. तो माझ्याकडे बघायला लागला, मी अंकलकडे. अंकल नाकापर्यंत कागद न नेता, हातभर लांब धरून, सावकाश कार्ड लिहीत होते. मग त्यांनी ते माझ्यापुढे धरलं आणि खिशातलं पेन काढून दिलं.

"मोजून घे."

मी मोजलं. खरी आठ, तीन कमी. कार्डावर पाच.

मी सही केली. अंकलनी कार्ड स्वतः खोतसाहेबांच्या टेबलावर नेऊन दिलं, परत आले, गोणपाटावर माझ्या शेजारी बसून आपली रायफल उघडली आणि म्हणाले, "चल श्री, आता माझं कार्ड घे. जोडीदार तूच."